विश्लेषण : 'सेंड ऑफ'ला डीजे हवा, पण आवाजाचे बटण कुणाच्या हातात?

डिसेंबर संपता संपता शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांत दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. एकीकडे दहावी-बारावीच्या सराव परीक्षा आणि दुसरीकडे गॅदरिंग, निरोप समारंभ. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगावसारख्या धानपट्ट्यातील गावांतही चित्र वेगळे नाही. पूर्वी अशा कार्यक्रमाला बिछायत केंद्रातून आणलेला एक माईक आणि दोन बॉक्स पुरत असत. आता विद्यार्थ्यांची पहिली मागणी असते, 'सर, डीजे पाहिजे.' वर्गणी गोळा होते, गावातल्याच किंवा शेजारच्या गावच्या डीजेवाल्याला इसार दिला जातो आणि शाळेच्या पटांगणात गाडी येऊन उभी राहते.

प्रश्न सुरू होतो तो इथून पुढे. आवाज किती ठेवायचा, गाणी कोणती वाजवायची, किती वाजता थांबायचे आणि तक्रार झाली तर जबाबदार कोण, हे बहुतेक वेळा आधी ठरलेले नसते. मग पोलीस आले की शाळा डीजेवाल्याकडे बोट दाखवते, डीजेवाला पोरांकडे आणि पोरे एकमेकांकडे. हा गोंधळ टाळता येण्यासारखा आहे. त्यासाठी कायदा काय म्हणतो, ध्वनीचे गणित काय सांगते आणि शाळेने कोणती जबाबदारी घ्यायला हवी, हे पाहिले पाहिजे.

अमेरिकेतला 'प्रॉम' आणि आपला 'सेंड ऑफ'

अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांसाठी 'प्रॉम' नावाचा नृत्यसमारंभ होतो. तिथे डीजे हा त्या संध्याकाळचा मुख्य माणूस असतो. पण त्याला शाळा नेमते आणि अटीही शाळाच घालते. गाण्यांची यादी आधी मागवली जाते. आक्षेपार्ह शब्द वगळलेली गाण्यांची 'क्लीन' आवृत्ती वाजवावी, अशी अट असते. अनेक ठिकाणी अपघात झाल्यास भरपाई देणारा विमा आहे का, हेही विचारले जाते. शाळेतली मुले अल्पवयीन आहेत, त्यामुळे इथले काम लग्नापेक्षा किंवा क्लबपेक्षा वेगळे आहे, हे तिथे गृहीतच धरलेले असते.

आपल्याकडे प्रॉम नाही, पण निरोप समारंभ आहे. भाषणे, आठवणी, नाश्ता, फोटो आणि शेवटी नाच. वय तेच, पंधरा ते अठरा. उत्साहही तोच. फरक एवढाच की आपल्याकडे शाळेच्या कार्यक्रमासाठी वेगळा डीजे, वेगळे नियम किंवा वेगळी यंत्रणा नसते. काल रात्री वरातीत वाजलेली तीच भिंत, तोच पेनड्राइव्ह आणि तोच आवाज आज शाळेच्या पटांगणात येतो. खरी अडचण इथे आहे.

'डीजे' म्हणजे माणूस की बॉक्सची भिंत?

डीजे हे 'डिस्क जॉकी' या शब्दांचे लघुरूप. तबकड्या निवडणारा, एकामागून एक जुळवून वाजवणारा आणि समोरच्या गर्दीचा मूड ओळखणारा माणूस, असा त्याचा मूळ अर्थ. महाराष्ट्रात मात्र डीजे म्हणजे गाडीवर रचलेली बॉक्सची भिंत, असा अर्थ रूढ झाला. 'डीजे लावला', 'डीजे बंद केला' असे आपण म्हणतो, त्यात माणूस कुठेच नसतो.

पश्चिम महाराष्ट्रात याच भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. गंमत अशी की रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचे पहिले नाव झाले ते ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. नको असलेला आवाज घटवणाऱ्याचे नाव आपल्याकडे कानठळ्यांना चिकटले.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. डीजे म्हणजे यंत्र असे मानले की चर्चा 'आणायचे की बंदी घालायची' या दोनच टोकांवर अडकते. डीजे म्हणजे माणूस असे मानले तर त्याच्याकडून कौशल्याची अपेक्षा करता येते, त्याला अटी घालता येतात आणि चांगल्या कामाचे पैसेही देता येतात.

झाडीपट्टीला हे नवे नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत दिवाळीनंतरच्या मंडईपासून नाटकांचा हंगाम सुरू होतो. उघड्या मैदानात शेवटच्या रांगेतल्या आजीला नायिकेचा संवाद कळला पाहिजे, ही तिथल्या साउंडवाल्याची कसोटी असते. छातीत किती धडधडले, यावर तिथे कुणी त्याला शाबासकी देत नाही. आवाज मोठा असणे आणि आवाज चांगला असणे यातला फरक या भागातल्या प्रेक्षकाला चांगला ठाऊक आहे.

कायदा नेमके काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये लागू झाले. शाळेच्या कार्यक्रमाला लागू पडणारे त्यातले मुद्दे असे :

– ध्वनिवर्धक वापरायचा तर सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. शाळेचा कार्यक्रम आहे म्हणून यातून सूट नाही.

– रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. बंद सभागृहात, आतल्यांपुरता आवाज असेल तर अपवाद आहे.

– सण किंवा सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. हे दिवस प्रशासन ठरवते, शाळा नाही.

– निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, तर रात्रीची ४५ डेसिबल आहे. शांतता क्षेत्रात हीच मर्यादा ५० आणि ४० आहे.

– ध्वनिवर्धक लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५ डेसिबल.

यात शाळांसाठी एक खास गुंता आहे. रुग्णालये, न्यायालये आणि शिक्षणसंस्था यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो आणि अशा क्षेत्रात संगीत वाजवणे किंवा ध्वनिवर्धक लावणे हाच गुन्हा ठरतो. शाळेला बाहेरच्या गोंगाटापासून वाचवण्यासाठी केलेला हा नियम शाळेच्या स्वतःच्या डीजेलाही लागू पडू शकतो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने नियमात बदल केला. राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय कोणतीही जागा शांतता क्षेत्र मानली जाणार नाही, असा तो बदल. त्यावरून मुंबई उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. शाळेच्या दृष्टीने याचा व्यवहारी अर्थ सोपा आहे. आपला परिसर शांतता क्षेत्रात येतो का, हे परवानगीचा अर्ज देतानाच पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. येत नसेल तरी ६५ डेसिबलची मर्यादा सुटत नाही.

हे नियम पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली येतात. पूर्वी उल्लंघनासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद होती. जनविश्वास कायद्याने ती बदलली. आता १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत आर्थिक दंड होऊ शकतो. गावातल्या डीजेवाल्यासाठी त्यातली खालची रक्कमही एखाद्या शाळेच्या कार्यक्रमाची कमाई गिळून टाकणारी आहे.

६५ डेसिबल म्हणजे किती? गणित पाहा

मोकळ्या जागेत एका बॉक्सपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. एक मीटरवर १०० डेसिबल देणारा बॉक्स घेतला तर २ मीटरवर ९४, ४ मीटरवर ८८, ८ मीटरवर ८२, १६ मीटरवर ७६, ३२ मीटरवर ७० आणि ६४ मीटरवर ६४ डेसिबल भरतात. म्हणजे मध्यम आवाजातला बॉक्ससुद्धा कुंपणापासून साठेक मीटर आत असेल, तेव्हाच नियमात बसतो.

आता वरातीतली भिंत घ्या. एक मीटरवर १२० डेसिबल धरले तर ६५ पर्यंत यायला साडेपाचशे मीटरहून अधिक अंतर लागेल. एवढे पटांगण कोणत्या शाळेला असते? बॉक्सची रांग असली की जवळच्या अंतरात आवाज याहूनही सावकाश घटतो. भिंतींवरून परतणारा आवाज वेगळाच. निष्कर्ष स्पष्ट आहे. वरातीची यंत्रणा पूर्ण ताकदीने शाळेत लावून नियम पाळता येणे शक्यच नाही.

वॅटच्या आकड्यांनीही दिशाभूल होते. अॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट' वाटण्यासाठी ताकद जवळपास दहापट करावी लागते. म्हणून दोनशे मुलांच्या नाचासाठी अर्धी गाडी भरून बॉक्स आणण्यात दिखावाच जास्त असतो.

आणखी एक बाब बेसची. नियमांतली मोजणी 'ए' मापावर होते आणि या मापात खालच्या पट्टीतला आवाज फार कमी धरला जातो. ५० हर्ट्झचा ठोका यंत्रावर सुमारे ३० डेसिबलने कमी दिसतो. त्यामुळे आकडा नियमात दिसत असूनही शेजारच्या घराची तावदाने थरथरू शकतात. बेस भिंतीतून सहज पार होतो आणि लांबवर जातो. शाळेशेजारी तान्हे बाळ किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर आकडा बरोबर असल्याचे समाधान त्या घराला पुरणार नाही. अशा ठिकाणी बेस आधी कमी करावा.

कानांचे काय?

अमेरिकेतील 'नायोश' या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार कामगारांसाठी ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास ही मर्यादा आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९४ डेसिबलला एक तास, १०० डेसिबलला १५ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये संगीत कार्यक्रमांसाठी जे मानक जाहीर केले, त्यात सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सांगितली आहे. १२ ते ३५ वयोगटातील १०० कोटींहून अधिक लोकांच्या श्रवणशक्तीला मोठ्या आवाजाच्या सवयींमुळे धोका असल्याचा याच संघटनेचा अंदाज आहे.

कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहणे किंवा समोरच्याचे बोलणे दबलेले ऐकू येणे हा आतल्या कानाने दिलेला इशारा असतो. बहुतेकदा ते एक-दोन दिवसांत ओसरते. पण आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना मुलांनी हा धोका का पत्करावा? २०२५ मध्ये बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. म्हणजे निरोप समारंभ आणि पहिला पेपर यांत फारसे दिवसच उरत नाहीत.

या चर्चेत एक कान नेहमी विसरला जातो, तो डीजेवाल्याचा. मुले एक संध्याकाळ बॉक्ससमोर नाचतात, तो अख्खा हंगाम बॉक्सशेजारी उभा असतो. हेडफोन कानावर आणि भिंत पाठीशी. साध्या इअरप्लगची किंमत एका केबलपेक्षा कमी असते. तरीही ते वापरणे म्हणजे भित्रेपणा, असा समज या धंद्यात आहे. तो जायला हवा.

गाण्यांची यादी कोण ठरवणार?

शाळेत वाद आवाजाइतकाच गाण्यांवरूनही होतो. दुहेरी अर्थाची गाणी, शिव्या असलेले रॅप किंवा एखाद्या समाजाला, नेत्याला डिवचणारे रिमिक्स वाजले की कार्यक्रमाचा रंग क्षणात बदलतो. डीजेवाल्याचे म्हणणे असते, 'पोरांनी मागितले, मी लावले.' पण समोर अल्पवयीन मुले असताना हे उत्तर पुरेसे नाही. यादी विद्यार्थ्यांनी द्यावी, शिक्षकांनी दोन दिवस आधी पाहावी आणि ऐनवेळची फर्माईश एकाच शिक्षकामार्फत यावी. इतके केले तरी बहुतेक वाद मिटतात. शिक्षकांनीही यादीवर आपल्या काळची गाणी लादू नयेत. कार्यक्रम मुलांचा आहे.

गाणी वाजवण्यासाठी कंपन्यांना रॉयल्टी द्यावी लागते का, हाही प्रश्न येतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे. संस्थेच्या उपक्रमात, कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढाच प्रेक्षकवर्ग असेल तर ध्वनिमुद्रित गाणे वाजवणे हा हक्कभंग ठरत नाही. लग्नसमारंभांसाठीही याच कलमात स्वतंत्र सवलत असून केंद्र सरकारने २४ जुलै २०२३ च्या सूचनेत ती स्पष्ट केली. पण शाळेने तिकीट लावून गावाला खुला डीजे शो ठेवला, तर ही सवलत गृहीत धरता येणार नाही. चोरून उतरवलेल्या गाण्यांना किंवा कार्यक्रमाचा व्हिडीओ गाण्यासह इंटरनेटवर टाकण्यालाही ती लागू होत नाही.

व्हिडीओचा मुद्दा कॉपीराइटपुरता नाही. स्वतःच्या जाहिरातीसाठी नाचणाऱ्या मुलामुलींचे रील टाकण्याची सवय अनेक डीजेवाल्यांना असते. शाळेच्या कार्यक्रमात मुख्याध्यापक आणि पालकांच्या संमतीशिवाय हे होता कामा नये. एका रीलमुळे एखाद्या मुलीचे कॉलेज बंद होऊ शकते, हे गावात सगळ्यांना माहीत असते.

डीजेवाल्याची बाजू

हा धंदा करणारे बहुतेक जण पंचविशी-तिशीतले. शेती थोडी, नोकरी नाही, म्हणून कर्ज काढून मिक्सर, अॅम्प्लिफायर, बॉक्स आणि छोटी मालगाडी घेतलेली. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम उघडतो आणि पावसाळ्यात थांबतो. मधे गणपती आणि दुर्गादेवी. हप्ते मात्र बारा महिने चालू. विदर्भात धुमाल पार्ट्यांशीही त्यांची स्पर्धा असते.

आवाज कमी ठेवला तर 'याच्या सेटमध्ये दमच नाही' म्हणून पुढची सुपारी दुसऱ्याला जाते. जास्त ठेवला तर पोलीस यंत्रणा जप्त करतात. परवानगी आयोजकाने काढायची असते, पण जप्तीत जाते ती डीजेवाल्याची मिळकत. या कात्रीत सापडलेल्या माणसाला 'नियम पाळ' एवढेच सांगणे सोपे आहे. ग्राहकाने कमी आवाज मागितला आणि त्याचे पूर्ण पैसे दिले, तरच नियम पाळणे त्याला परवडेल. शाळा हा असा ग्राहक होऊ शकतो. लग्नघराला मिरवायचे असते. शाळेला मिरवायचे नसते, निदान नसावे.

मग सरसकट बंदी का नको?

बंदीचे प्रयोग झाले आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशात डीजेवर सरसकट बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्यांच्या पोटावर पाय येणार होता, त्यांचे म्हणणेच ऐकले गेले नव्हते, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. महाराष्ट्रात २०१८ च्या गणेशोत्सवात ध्वनी-प्रकाश व्यावसायिकांच्या 'पाला' या संघटनेने डीजेबंदीविरोधात धाव घेतली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने तातडीचा दिलासा नाकारला. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ लागतो. व्यवसाय करण्याचा हक्क आहे, कानठळ्या बसवण्याचा नाही.

शाळेने डीजेवर बंदी घातली तर मुले नाचायचे थांबत नाहीत. कार्यक्रम शाळेच्या फाटकाबाहेर, एखाद्या शेतात किंवा लॉनवर होतो. तिथे शिक्षक नसतात, वेळेचे बंधन नसते आणि मुली येऊ शकत नाहीत. बंदीची सर्वांत मोठी किंमत मुलीच मोजतात. त्यांच्यासाठी मोकळेपणाने नाचण्याची गावातली सुरक्षित जागा म्हणून अनेकदा शाळेचे पटांगणच असते. हे एक कारणसुद्धा डीजे शाळेतच, पण शाळेच्या अटींवर ठेवायला पुरेसे आहे.

शाळेने काय करावे?

एक पानाचा लेखी करार पुरेसा आहे. त्यात एवढे असावे :

– परवानगीचा अर्ज शाळा देईल आणि प्रत डीजेवाल्याकडे राहील.

– कार्यक्रम दिवसा, शक्यतो सायंकाळी ६ च्या आत संपेल.

– चार लहान बॉक्स पुरतील. त्यांची तोंडे घरांकडे किंवा रुग्णालयाकडे नसतील. बॉक्स कुंपणापासून जास्तीत जास्त लांब असतील आणि मुलांना त्यांच्या अगदी जवळ जाता येऊ नये म्हणून दोरी बांधलेली असेल.

– कार्यक्रमाआधी आवाज एकदा कुंपणावर मोजला जाईल. मोबाइल अॅपचा आकडा कायदेशीर पुरावा नाही, पण अंदाजाला चालतो. तिथे ठरलेली पातळी मिक्सरवर खूण करून ठेवायची आणि त्यापुढे कुणीही न्यायची नाही. लिमिटर असेल तर तो लावायचा.

– लेझर नको. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकमध्ये लेझरमुळे तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याचे नेत्रतज्ज्ञांनी समोर आणले होते. साधे रंगीत दिवे पुरतात.

– वीजजोडणी जाणकाराकडून, अर्थिंगसह. वर विजेच्या तारा असतील तिथे उंच गाडी उभी करायची नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारमधील हाजीपूरजवळ कावडयात्रेकरूंची डीजे गाडी उच्चदाब तारेला लागून अनेकांचा जीव गेला.

– ठरलेले पैसे कार्यक्रम संपताच पूर्ण दिले जातील. आवाज कमी होता म्हणून कपात होणार नाही.

शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. आवाज कमी ठेवणाऱ्याचे पैसे कापले जातात, तोवर बाकीच्या अटी कागदावरच राहतील.

यातल्या एकाही गोष्टीला सरकारी निधी लागत नाही किंवा नवा कायदाही लागत नाही. मुख्याध्यापक, विद्यार्थी प्रतिनिधी आणि डीजेवाला यांनी अर्धा तास एकत्र बसणे तेवढे लागते. त्या अर्ध्या तासात मुलांना एक गोष्ट शिकता येईल. मजा करणे आणि शेजाऱ्याचा विचार करणे एकमेकांच्या आड येत नाही. गावातल्या तरुण व्यावसायिकालाही एक गोष्ट कळेल. मोठ्या आवाजाखेरीज चांगल्या आवाजालाही बाजार आहे. हा बाजार तयार करण्याची पहिली संधी शाळांकडे आहे आणि ती त्यांनी पोलिसांवर सोडू नये.